फरशीवरचा ओरखडा

१

चिंचेच्या बुंध्यात मोटारीचं नाक घुसलं होतं आणि रस्त्याच्या कडेला कडूबा पडला होता. त्याच्या तोंडावर कोणीतरी त्याचाच शेला टाकला होता. बाकीचे दहा-बारा उतारू सावली मिळाली तिथं बसले होते. कुणाचं कपाळ फुटलं होतं, कुणाचा हात मोडला होता, पण जीव गेला तो एकट्या कडूबाचा.

कडूबा आमच्या उंद्रीचा. त्याच्या बापाच्या वखराची पास, म्हणजे माती खरवडणारं लोखंडी पातं, माझ्या बापानं घडवली, त्याची मी. खामगावला लेकीकडे जाऊन परत येत होता. गाव अर्ध्या कोसावर राहिलं होतं.

मी झिंगराजी लोहार. लोहार मोटारीपाशी काय करत होता असं विचाराल, तर सांगतो. बेचाळिसाव्या वर्षी मला मोटारीचं काम शिकायची खाज सुटली. भाता पोराच्या स्वाधीन केला आणि चिखलीला फकीर मोहम्मद मिस्त्रींच्या गॅरेजात शागीर्द म्हणून राहिलो. मिस्त्री माझ्याहून सहा वर्षांनी लहान. लोक हसले. मीही हसलो असतो, पण मोटारीखाली उताणं पडल्यावर हसायला जागा उरत नाही.

मिस्त्रींनी पहिला महिनाभर पान्याला हात लावू दिला नाही. चाक जॅकवर उचलायचं आणि नुसतं हलवायचं. वर-खाली धरून हललं तर किंगपिन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ती खीळ, झिजलेली, आजूबाजूनं धरून हललं तर स्टेरिंगच्या दांड्यांचे सांधे ढिले. "आधी रोग सांग, मंग हत्यार उचल," म्हणायचे. कार्तिकात मी मोटारीच्या कमानीचा एक तुटका पाटा जोडून लाल केला आणि आमच्या सवयीप्रमाणं बादलीत बुडवला, तर त्यांनी लाथेनं बादली उलथवली होती. "पाटा पाण्यात घालतं काय बे? उद्या काचेवानी फुटन." दोन दिवस बोलले नाहीत.

तर त्या चैत्रातल्या सोमवारी ठाणेदारानं मिस्त्रींना बोलावलं, म्हणून मीही गेलो. मोटार आमच्या उंद्रीच्याच रामराव पाटलांची. खामगाव-चिखली सर्व्हिस. ड्रायव्हर कादर, चिखलीचा, चार वर्षांपासूनचा. त्याला शिपायानं चिंचेच्या पलीकडे बसवलं होतं. ओठ सुजला होता आणि दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते.

रामराव पाटील ठाणेदाराला सांगत होते, "रात्री लग्नाचं वऱ्हाड घेऊन गेलता. झोप झाली नाई त्याची. वळणावर डोया लागला. दुसरं काई नाई."

ठाणेदार मिस्त्रींना म्हणाला, "बुधवारी उंद्रीच्या चावडीवर पंचांसमोर चौकशी आहे. मोटारीत काही दोष असेल तर तोवर सांगा. नसेल तर मी याला बुलढाण्याला पाठवतो."

बुलढाण्याला म्हणजे कोर्टात, आणि तिथून जेलात. लायसन तर गेलंच.

मिस्त्री मोटारीखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. बाहेर आले तेव्हा हातात लोखंडाचा बोटभर जाड, वीतभर लांब तुकडा होता. स्टेरिंगच्या डब्यातून खाली लोंबणारा तो हात. त्याला आम्ही आर्म म्हणतो. ड्रायव्हर चाक फिरवतो, डबा आर्म हलवतो, आर्म लांब दांडा ओढतो आणि दांडा चाकं वळवतो. तो आर्म मानेपाशी तुटला होता.

"झिंगराजी," मिस्त्री हळूच म्हणाले, "हा झाडावर आदळून तुटला का हा तुटला म्हणून मोटार झाडावर आदळली?"

"झाडावर आदळून," मी म्हणालो. "एवढा धक्का बसला."

"आठ महिने काय शिकला तू मंग?" ते म्हणाले आणि उलट दिशेनं, मोटार जिकडून आली तिकडे चालायला लागले.

२

चिंचेपासून साठ-सत्तर पावलांवर एक लहान पूल आहे. वर काळ्या दगडाची फरशी. पुलानंतर रस्ता उजवीकडे वळतो आणि चिंच डाव्या हाताला राहते. मिस्त्री फरशीवर उकिडवे बसले.

मुरुमाच्या रस्त्यावर लोकांनी आणि बैलगाड्यांनी सगळं तुडवलं होतं, तिथं काही उरलं नव्हतं. दगडावर मात्र एक पांढरा ओरखडा होता, ताजा. पुलाच्या मध्यावर सुरू झालेला आणि पलीकडच्या कडेपर्यंत गेलेला. मिस्त्रींनी त्यावर बोट फिरवलं. बोटाला काळा रंग लागला.

"बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव असन," मी म्हणालो.

"बैलगाडीले दोन चाकं असते. हा एकच हाये. आन् धावेले रंग कोणं देल्ला?"

मला उमगलं तसं मी गप्प झालो. आर्म तुटला की लांब दांड्याचं मागचं टोक सुटतं, आर्मचा खालचा तुकडा घेऊन जमिनीवर पडतं आणि फरफटत जातं. ते फरफटणं पुलावर सुरू झालं होतं, म्हणजे झाडाच्या साठ पावलं अलीकडे.

"पटलं?" मिस्त्रींनी विचारलं. "नाई पटलं तर अजून सांगतो. झाड डाव्या बाजूले लागलं. धक्का डाव्या चाकातून शिरला. आर्म उजवीकडं. तिथलोक जायाले त्याले दोन लांब दांड्यायतून जा लागते. चाल, ते दांडे पाहू."

आम्ही परत आलो. मिस्त्रींनी खिशातून सुतळी काढली आणि एका दांड्याच्या टोकापासून टोकापर्यंत ताणायला लावली. मग दुसऱ्याला. सुतळी आणि दांडा यांत कुठं केसाएवढी फट दिसली नाही. आर्म जाड, दांडे बारीक. धक्क्यानं आर्म तुटायचा असता तर दांडे आधी वाकले असते. ते सरळ होते. ही गोष्ट मला आपण होऊन दिसायला हवी होती, आणि दिसली नाही याचा मला त्या वेळी राग आला. पुढं ज्याचा राग यायचा होता, त्याच्यापुढं हा काहीच नव्हता.

सावलीत सत्यभामाबाई बसल्या होत्या, उंद्रीच्याच. त्यांची बैठक ड्रायव्हरच्या बरोबर मागं होती. मिस्त्रींनी त्यांच्यापुढं बसून विचारलं, "बाई, कादर झोपला होता?"

"कोण म्हन्ते? मी तर त्याच्याकडंच पाहून राह्यली होती. पुलावर काईतरी टाकदिशी वाजलं. मंग तो चाक फिरवे, फिरवे, आन् मोटार आपली सरळ चाले. रिकामं जातं फिरवावं तसं गरगर फिरे ते. तो 'या अल्ला' म्हने आन् पायानं दाबे. झोपलेला मानूस असं करते का?"

"हे चावडीवर सांगसान?"

"मले काय कोनाचं भेव हाये?"

म्हणजे कादर सुटला, असं मला वाटलं. मी तसं म्हणालो. मिस्त्रींनी मान हलवली.

"आर्म तुटला हे सांगून भागत नाई. असा आर्म तुटत नसते, झिंगराजी. वाकते. म्या वीस वर्षात वाकलेले पन्नास पाह्यले, तुटलेला एक नाई. हा काऊन तुटला ते सांगा लागन. आन् ते सांगितलं तर पयला पाय माहा गुतते."

"तुमचा?"

"हा म्याच बसवला, मागच्या वैशाखात."

३

मंगळवारी सकाळी कादरची बायको गौसिया गॅरेजात आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला. ती बसली नाही.

"मिस्त्री, ते झोपले नव्हते," ती म्हणाली. "रात्री वऱ्हाड सोडून मोटारीतच निजले होते, खामगावले. मी सोबत होती. सकायी म्या उठवलं, आन् मी तिथंच लग्नाले थांबली. झोप झालती त्यायची."

"ठावं हाये मले, बेटा."

"मंग काऊन सोडत नाई त्यायले?"

मिस्त्री तिला दारापर्यंत सोडायला गेले. ती गेल्यावर ते पाय घासत दोन-तीनदा गॅरेजभर फिरले. मग म्हणाले, "इंद्रभानले बोलाव."

इंद्रभान रामराव पाटलांचा भाचा. मोटारीची सगळी देखरेख त्याच्याकडे. माणूस तसा वाईट नाही. अंगावर धुतलेला सदरा, बोलणं गोड. फक्त वाघाला भ्यावं तसा मामाला भ्यायचा. वैशाखात काय झालं ते मिस्त्रींनी त्याच्याचकडून वदवून घेतलं, कारण त्या वेळी मी शागीर्द झालो नव्हतो.

"मागच्या वैशाखात मोटारीनं दगड खाल्ला," इंद्रभान म्हणाला. "आर्म वाकला. तुमीच खोलून मले देल्ला आन् म्हटलं, नवा आना."

"आन् म्या काय म्हटलं होतं? तीन आठवडे लागतीन, तोवर मोटार उभी ठेवा."

"हाव. पण मले चारच दिवसात भेटला. अकोल्याले."

"कोन्या दुकानात?"

"आता ते ध्यानात नाई राह्यलं. कागदात गुंडाळलेला होता. काळा कुळकुळीत. तुमीच पाह्यला, तुमीच बसवला." इंद्रभाननं उपरणं झटकलं. "राग नका मानू मिस्त्री, पण नवा जिन्नस वरसाच्या आत तुटला तर दोष जिनसाचा का बसवणाऱ्याचा? मामासाहेब हेच विचारून राह्यले."

"जुन्याचं काय केलं?"

"फेकला. भंगारात."

तो गेला. मी मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडला नव्हता. फक्त हिशेब चुकलेल्या मास्तरासारखा झाला होता. उद्या चावडीवर कादर सुटला तर मिस्त्री अडकणार, आणि मिस्त्री सुटले तर कादर. दोघांच्या मध्ये तो वीतभर आर्म.

"दोनी तुकडे आन," ते म्हणाले. "आन् कानस."

४

ठाणेदाराच्या परवानगीनं दोन्ही तुकडे गॅरेजात आणले होते. मिस्त्रींनी ते पाटावर उजेडात ठेवले आणि म्हणाले, "तू लोहार हायेस. तू सांग."

मी वाकून पाहिलं. तुटलेला भाग दोन रंगांचा होता. एका कडेला चिंचोक्याएवढी जागा तांबूस, गंजलेली. बाकीचा भाग पांढरा, चमकणारा, खडीसाखरेसारखा दाणेदार.

"ही चीर जुनी हाये," मी म्हणालो. "दोन-तीन महिन्यांची तरी. तिथून पाणी-हवा शिरून गंजली. बाकीचं सोमवारी एका झटक्यात गेलं."

"आन् दाणा?"

"दाणा कडक लोखंडाचा. नरम असतं तर तंतू ओढल्यावानी दिसलं असतं."

"बरोबर. आता कानस मार."

मी कानस मारली. ती आर्मवरून घसरली, दगडावर नखं ओढल्यासारखा आवाज आला, आणि लोखंडाला ओरखडाही पडला नाही. मिस्त्रींनी कोपऱ्यातून दुसऱ्या मोटारीचा जुना आर्म काढून दिला. त्यावर कानस लगेच बसली. दोन-चार हातांत चिमूटभर कीस पडला.

"पाह्यलं?" मिस्त्री म्हणाले. "कारखान्यातून आर्म नरम येते, मुद्दाम. खड्ड्यात वाकावा पन तुटू नाई म्हनून. याले कोनीतरी लाल करून पान्यात घातलं. हा नवा नाईच. तोच जुना वाकडा आर्म हाये. सरळ केला, कडक केला आन् रंग मारून माह्या हातात देल्ला." ते थांबले. "आन् म्या कानस मारून पाह्यली नाई. काळा रंग पाहून बसवला."

 लाल करून पाण्यात घातलं, हे ऐकून मी तुकडा उलटसुलट करून पाहायला लागलो.

"रंग खरवड," ते म्हणाले. "कोन्या लोहारानं केलं त्याचा काई माग लागते का पाहू."

मी चाकूनं रंग खरवडायला लागलो. आर्मच्या मानेपाशी, नेमका जिथून तो तुटला होता तिथं, वरच्या तुकड्यावर एक उभा छिन्नीचा घाव निघाला. शेजारी दुसरा. आणि तुटलेल्या कडेवर तिसऱ्या घावाचा अर्धा काठ. मी खालचा तुकडा उचलून जोडला. तिसरा घाव तिरपा होता आणि तुटण्याची चीर त्या घावाच्या तळातूनच निघाली होती.

दोन उभ्या, एक तिरपी.

ज्याला ठाऊक नाही त्याला सांगतो. पेरणीआधी गावातल्या प्रत्येक घरचे फाळ, पासा, कुऱ्हाडी लोहाराकडे येतात. तीस-चाळीस घरांचं लोखंड एका ढिगात पडतं. अदलाबदल झाली की भांडणं. म्हणून आमच्या घरात आज्यापासून रीत आहे: काम हातात घेतलं की आधी त्या घरची खूण छिन्नीनं मारायची, मग भट्टीत घालायचं. कुणाची एक आडवी, कुणाची फुली, कुणाची तीन टिकल्या. ही खूण दुसरा लोहार मारत नाही. ती आमच्या भात्यावरचीच.

त्या खुणा माझ्या छिन्नीच्या होत्या.

"काई सापडलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"नाई," मी म्हणालो.

५

माझ्यावर थुंकायचं असेल तर इथं थुंका. मी सरळ खोटं बोललो, आणि तेही अशा माणसाशी, ज्यानं मला आठ महिने हातानं धरून शिकवलं.

मला सगळं आठवलं होतं. मागच्या वैशाखात पाटलांच्या घरचे फाळ आले, इंद्रभान स्वतः घेऊन आला. त्यांच्यात एक वाकडा लोखंडी दांडा होता. "हे काय?" मी विचारलं. "उसाच्या चरकाचा दांडा हाये, मामाच्या दुसरबीडच्या सोयऱ्याचा," तो म्हणाला. "झिजते लवकर. सरळ कर आन् चांगला कडक कर." मी चरक कुठं रोज पाहतो? मी खूण मारली, लाल केला, ऐरणीवर सरळ केला आणि पाण्यात सोडला. असा चुर्र आवाज झाला, की मी खूश झालो होतो. आमच्याकडे लोखंडाला पाणी पाजणं म्हणजे काम चोख केल्याची खूण. त्यात माझी चूक ही, की जे लोखंड कशाचं आहे तेच ठाऊक नाही, त्यालाही मी फाळासारखंच वागवलं. आणि त्यावर छिन्नीचा घाव घालून तुटायला जागा करून दिली.

त्या दुपारी मी उंद्रीला आलो आणि कडूबाच्या घरी गेलो. जायला नको होतं, पण पाय तिकडेच वळले. तानुबाई, त्याची बायको, ओसरीवर बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ, तुमी मोटारीचं शिकता. मले खरं सांगा. तो डायव्हर झोपला होता का?"

"नाई," मी म्हणालो.

"मंग काऊन मेले हे?"

मला उत्तर ठाऊक होतं.  मी म्हणालो, "उद्या समजन चावडीवर." ती म्हणाली, "बरं."

घरी पोरगा भात्यावर बसला होता. ऐरणीवर एक फाळ होता आणि त्यावर तो खूण मारत होता. मी त्याला म्हणालो, "आजचा दिस बंद ठेव." तो म्हणाला, "काऊन?" मी सांगितलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं, की उद्या बोललो तर या भात्यावर पुन्हा कोण लोखंड आणेल? आणि नाही बोललो, तर कुणाचं काय बिघडेल? कादर सत्यभामाबाईच्या शब्दावर सुटेल. मिस्त्री मोठा माणूस, तो काहीतरी मार्ग काढेल. अशी मनाची समजूत घालत मी भाकरी खाल्ली.

६

बुधवारी चावडीवर माणूस मावत नव्हतं. ठाणेदार खुर्चीवर, पंच घोंगडीवर, रामराव पाटील एका बाजूला आणि इंद्रभान त्यांच्या मागं. कादर दाराशी उभा होता. गौसिया बाहेर, बायकांत. तानुबाईही आली होती.

मिस्त्रींनी मला सांगितलं होतं तसंच सगळं सांगितलं. फरशीवरचा ओरखडा, सरळ दांडे, सत्यभामाबाईचं बोलणं. मग दोन्ही तुकडे पुढं ठेवले आणि पंचांपैकी एकाच्या हातात कानस दिली. त्यानं घासून पाहिलं, मान हलवली.

"म्हणजे आर्म आधी तुटला," ठाणेदार म्हणाला. "ड्रायव्हरचा दोष नाही. मग कुणाचा?"

इंद्रभान पुढं झाला. "साहेब, म्या नवा आनला, मिस्त्रीनं बसवला. बसवताना गरम केला असन, ठोकला असन. त्यायच्या गॅरेजात भट्टी हाये. आन् त्यायच्याजवळ एक लोहारही हाये."

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. रामराव पाटील म्हणाले, "मिस्त्री, तुमाले काय म्हनायचं हाये?"

मिस्त्री उभेच होते. टोपी काढून हातात घेतली.

"इंद्रभानभाऊनं मले जुना आर्म रंगवून देल्ला," ते म्हणाले. "पन ते मले सिद्ध करता येत नाई. जे सिद्ध होते ते सांगतो. म्या तो न तपासता बसवला. एक कानस मारली असती तर समजलं असतं. नाई मारली. त्या मोटारीत कडूबा बसला होता. साहेब, हे लिहून घ्या. माही चूक हाये."

ठाणेदारानं लेखणी उचलली. मिस्त्रींनी आपलं पूर्ण नाव सांगायला सुरुवात केली.

मी उभा कधी राहिलो ते मला ठाऊक नाही. "थांबा," मी म्हणालो. "त्यायचं नाव नका लिहू. तो आर्म म्या पान्यात घातला."

मिस्त्रींनी वळून पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही.

मी तुकडे हातात घेतले, जोडून दाखवले, खुणा दाखवल्या. चरकाचा दांडा म्हणून कोणी आणला, काय सांगितलं, मी काय केलं, सगळं सांगितलं. इंद्रभान म्हणाला, "खोटं हाये. मिस्त्रीले वाचवाले बोलते. खुणा तर तो काल रात्रीही मारन."

"या खुणेच्या तळाशी तांबडा गंज हाये," मी म्हणालो. "चीर इथूनच निघाली. घाव कालचा असता तर गंज कुठून आला असता? आन् ही खूण कोन्या घरची ते मले इचारू नका. पाटलाच्या घरून एक फाळ मागवा."

ठाणेदारानं शिपाई पाठवला. फाळ आला. रामराव पाटलांनी तो स्वतःच्या मांडीवर घेतला, उलटा केला आणि मानेवरची माती अंगठ्यानं पुसली. दोन उभ्या, एक तिरपी. त्यांनी आर्मचे तुकडे मागितले. फाळाशेजारी ठेवले. बराच वेळ पाहत राहिले.

"दुसरबीडले माहा कोन सोयरा हाये रे?" त्यांनी मागं न पाहता विचारलं.

इंद्रभान एक पाऊल मागं सरकला.

"माहा एकही सोयरा दुसरबीडले नाई. बोल."

"तुमीच म्हटलं होतं मामासाहेब," इंद्रभानचा आवाज चिरकला, "लग्नसराईत मोटार एक दिस उभी राह्यली तर मले तोंड नका दाखवू. अकोल्याले नाई भेटला. तीन आठवडे कुठून काढू? मले काय ठावं तो तुटन? लोखंड कडक झालं तर मजबूत होते असंच वाटलं मले."

 तेच मलाही वाटलं होतं, एक वर्षापूर्वी. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच होता, की तो काय लपवतो आहे हे त्याला ठाऊक होतं आणि मला मंगळवारपर्यंत नव्हतं. मंगळवारनंतर तोही फरक नव्हता.

ठाणेदारानं कादरला सोडायला सांगितलं. कादर आधी मिस्त्रींकडे गेला, मग माझ्याकडे आला. मला वाटलं मारेल. त्यानं माझ्या हातातले दोन्ही तुकडे घेतले, जोडून पाहिले आणि परत दिले. मग बाहेर गौसियाकडे गेला.

७

इंद्रभानला बुलढाण्याच्या कोर्टात सजा झाली. मला हाकिमानं ताकीद दिली आणि साक्षीदार म्हणून सोडलं. रामराव पाटलांनी मोटार विकली. कादर आता दुसऱ्या सर्व्हिसवर आहे आणि रोज सकाळी मोटार काढण्याआधी चारही बाजूंनी चाक हलवून पाहतो.

मिस्त्री आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी माझ्यापुढं एक कानस टाकली आणि म्हणाले, "मंगळवारी मले नाई काऊन म्हटलं?" मी म्हणालो, "भ्यालो." ते म्हणाले, "मीही बुधवारी भ्यालोच होतो." त्यानंतर गॅरेजात येणाऱ्या प्रत्येक नव्या आर्मवर आम्ही दोघंही कानस मारतो. आधी ते मारतात, मग मी.

मृगाच्या आधी मी पंधरा दिवस उंद्रीला आलो. पोरानं सांगितलं, ढीग लहान आहे, सात-आठ घरं आली नाहीत. मी म्हणालो, नाही येणारच. दोन दिवसांनी तानुबाई आली. डोक्यावर वखराची पास, कडूबाच्या घरची, त्यावर एक फुली. तिनं ती ऐरणीपाशी ठेवली आणि बाजूला बसली.

मी पास लाल केली. ठोकली. धार काढली. मग बादलीपाशी आणली आणि माझा हात थांबला. तानुबाई पाहत होती.

"याले पानी पाजा लागते?" तिनं विचारलं.

"हाव. याले पाजा लागते. नाई पाजलं तर मातीत घासून जाईन."

"आन् त्याले?"

"त्याले नव्हतं पाजायचं," मी म्हणालो. "मले ठावं नव्हतं, तानुबाई."

तिनं पासेकडे पाहिलं. लोखंडाचा रंग उतरायला लागला होता.

"मंग याले तरी पाजा," ती म्हणाली. "थंड होऊन राह्यली."

मी पास पाण्यात सोडली. वाफ गेल्यावर ती उठली, पास हातात घेऊन फुली पाहिली, डोक्यावर ठेवली आणि शेताच्या वाटेला लागली.